न आलेल्यांचे कान

शस्त्रक्रियेनंतर तपासायला आलेल्या बाईच्या पाठीमागे आमचे सर हळूच उभे राहत आणि कुजबुजत, "माय, आज भाजी कायची केली?" तिने मान न वळवता "वांग्याची" म्हटलं, की सरांचा अख्खा दिवस छान जायचा.

कानाचा फाटलेला पडदा सांधण्यात सरांचा हात धरणारं वर्धा जिल्ह्यात कोणी नव्हतं. कानाच्या वरच्या स्नायूचं आवरण काढायचं, कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ करायचं आणि भोकाखाली पसरायचं, ही त्यांची रीत. नवे डॉक्टर कानातल्याच कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, चकती बसवू लागले, तेव्हा सर उखडले. "कानात पडदा लावाचा का दरवाजा? एवढ्या जाड चकतीनं आयकू काय येईन?" आम्ही विद्यार्थी त्यांच्या चिडण्यावरही फिदा होतो.

दोन्ही रीतींची तुलना, हा विषय मला प्रबंधासाठी सरांनीच दिला. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी रुग्णांना तपासायला बोलावलं. चकतीवाले बहुतेक शहरातले, ते आले. सरांचे बरेचसे खेड्यांतले, कापूस वेचणीत अडकलेले. ते आले नाहीत. "कान वाहत असता तं धावत आले असते. बरे झाले, असं लिही," सर म्हणाले. मला पटलं नव्हतं. तरी मी लिहिलं. सरांची रीत सरस ठरली आणि विभागात पुढे कित्येक वर्षं तीच चालली.

नंतर हिंगणीच्या शिबिरात त्या न आलेल्यांपैकी एक बाई भेटली. पडद्याला पुन्हा भोक पडलेलं, आतली नाजूक हाडं पुवाने कुरतडलेली. दुसरा कानही वाहत होता. आता कोणत्याही रीतीने फारसं ऐकू येणार नव्हतं. माझ्या ओठांकडे बघत ती मोठ्याने म्हणाली, "वेचणी झाल्यावर आलती ना मी, बाई. तं दवाखान्यात म्हणे, तुमचं नाव बरे झालेल्यात हाय, जा घरी."

मी तडक बोरगाव मेघेला गेले. सर निवृत्त होऊन तिथे राहत होते. मी रागाने सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यावर आवाज चढवला. सर म्हणाले, "तुले पटलं नव्हतं ना? मंग लिहिलं काऊन?"

तुम्ही सांगितलं म्हणून, एवढंच माझं उत्तर होतं. ते सरांना देता आलं नाही, आणि त्या बाईला तर अजूनही देता येत नाही.