प्रार्थनेचा विषय

आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणाचं गुपित फोडायचं तर भांडण काढावं लागत नाही, नुसते डोळे मिटले की झालं. देवाला सांगायच्या निमित्ताने माणसांना सांगायची ही रीत आमच्याकडे जुनी आहे आणि तिला कुणी चहाडी म्हणत नाही. मीही म्हणत नव्हतो. माझ्यावर वेळ आली तेव्हा म्हणायला लागलो.

माझं लग्न झालं २०१४ साली. तेव्हा मी डहाणूहून तलासरी, वेवजीकडे जाणाऱ्या एसटी गाड्यांवर कंडक्टर होतो. घर तलासरीजवळच्या एका पाड्यावर. घरात आई, मी आणि बायको. पाड्यावर ख्रिस्ती घरं मोजकीच. बाकीचे सगळे हिंदू, भात-नाचणी लावणारे आणि उरलेले दिवस मजुरीला जाणारे. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा म्हणे बरीच बोलाचाली झाली होती. माझ्या वेळेपर्यंत ते सगळं निवलं होतं. त्यांच्या लग्नात आम्ही नाचायचो आणि नाताळाला ते आमच्याकडे जेवायला यायचे.

लग्नाला वर्ष उलटलं आणि सगळ्यांची नजर बायकोच्या पोटावर खिळली. शेजारणी तिला भगताकडे चल म्हणायच्या. मंडळीतल्या बायका तिला उपास धरायला लावायच्या. भगताकडे कोंबड्याचा जीव जातो, आमच्याकडे बायकोचा, एवढाच काय तो फरक. गुरुवारच्या बैठकीत ती कायमचा ‘प्रार्थनेचा विषय’ होऊन बसली. आमच्या शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, त्या बाईची गोष्ट, जिने मंदिरात रडून रडून मुलगा मागितला आणि जिला याजक दारू प्यायलेली समजला, ती तिला इतक्यांदा ऐकवली गेली की पुढचं वाक्य ती आधीच म्हणायची.

ही बैठक चालवायच्या आमच्या शेजारच्या पाड्यावरच्या एक विधवा काकी. बाई कष्टाळू. कुणाच्या घरी आजारपण असो, मयत असो, त्या सगळ्यांच्या आधी हजर. एरवी आमच्यासारखंच ‘नाय, हाय’ बोलणाऱ्या काकी प्रार्थनेला बसल्या की एकदम शास्त्रातली भाषा बोलायच्या. ‘हे दयासंपन्न प्रभू’ अशी सुरुवात झाली की अर्ध्या तासाची निश्चिंती. दारूवर त्यांचा विशेष राग होता. आमची हद्द संपली की गुजरातची दारूबंदी सुरू होते, आणि इकडून तिकडे बाटल्या नेऊन पैसे करणाऱ्या पोरांना त्या भर उपासनेत शाप द्यायच्या.

बरीच वाट पाहून आम्ही दोघं पलीकडे वलसाडच्या एका डॉक्टरकडे गेलो. तिच्या तपासण्या झाल्या, मग माझ्या झाल्या. तिच्यात काहीच दोष नव्हता. डॉक्टरने माझ्याकडे बघून सांगितलं की शुक्रजंतू फार कमी आहेत, औषध घेऊन बघा, आशा सोडू नका. आशा सोडू नका हे सांगायला माझ्याकडे मंडळीचे पाळक होते की! मी मान हलवली.

परतताना स्टेशनबाहेरच्या रसाच्या गाडीवर थांबलो. ग्लास हातात धरून मी तिला म्हटलं, “हे आपल्या दोघांतच राहू दे. आईलासुद्धा नको.”

ती म्हणाली, “होय.”

आमच्यात शपथ घालत नाहीत. होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही, एवढ्यावर व्यवहार चालतो. मला तेवढं पुरलं.

तिसरा कुणी हे जाणत असेल तर तो देव. त्याला मात्र मी स्वतःच सांगितलं. सकाळच्या पहिल्या गाडीला डेपोतून निघताना चार माणसंही नसायची. तिकिटं फाडून झाली की मी मागच्या बाकावर बसायचो आणि खिडकीकडे तोंड करून हळूच मागायचो. मोठ्याने प्रार्थना करणारा मी नव्हे. चारचौघांत देवाशी बोलायला मला लाज वाटते. औषध चालू होतं, मागणं चालू होतं, आणि घरी काहीच घडत नव्हतं. तरी मी सोडलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून निभावत होतो.

२०१७ची कापणी उरकल्यावर आमच्या घरी प्रार्थनेची बैठक झाली. गीतं झाली, विषय सांगून झाले, मग सगळे गुडघ्यावर बसले. काकींनी सुरुवात केली. कुणाचा गुडघा, कुणाची नोकरी, असं करत त्या आमच्या घरावर आल्या.

“हे प्रभू, या मुलीमध्ये दोष नाही, हे तू वैद्याच्या मुखातून प्रकट केलेस. म्हणून आता या आमच्या भावाच्या देहाला स्पर्श कर. जे बीज त्याच्यामध्ये उणे आहे, ते तू आपल्या भांडारातून भरून दे.”

खोलीभर ‘आमेन’ झालं. माझी आईही म्हणाली. तिला अर्थ लागायला क्षणभर लागला असावा, कारण दुसऱ्या आमेनला तिचा आवाज नव्हता. मी डोळे मिटूनच होतो. प्रार्थना संपली, लोक उठले, चटया गुंडाळल्या जाऊ लागल्या, तरी मी उघडले नाहीत. लोकांना वाटलं, मला पवित्र आत्म्याने स्पर्श केला. मला काय झालं होतं ते माझं मला ठाऊक. उघड्यावर अंघोळीला बसलेल्या माणसाच्या अंगावरचा पंचा कुणी ओढून न्यावा, तसं वाटत होतं. मग चहा आला. सगळे माझ्याशी फार गोड बोलत होते आणि एकाने पाठीवरून हातही फिरवला.

लोक गेल्यावर मी बायकोला विचारलं, “तू होय म्हणाली होतीस ना?”

ती भांडी आवरत होती. म्हणाली, “इतकी वर्षं त्या बायका माझ्या ओटीपोटावर हात ठेवून प्रार्थना करतात. माझी पापं शोधतात. एकदा तरी कुणाला खरं सांगावंसं वाटलं मला. मी गावाला नाही सांगितलं, काकींना प्रार्थनेसाठी सांगितलं.”

“एकच की!”

“ते मला आज कळलं,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

तिचं म्हणणं खरं होतं, म्हणून माझा राग आणखी वाढला. चुकलेल्या माणसावर रागावणं सोपं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार काय? कितीतरी दिवस आम्ही फक्त भाकरी वाढ आणि दिवा मालव एवढंच बोलत होतो.

बातमी पुढे तलासरीहून डहाणूपर्यंत माझ्याच गाडीने, बहुधा माझ्याकडूनच तिकीट काढून गेली. एका थांब्यावर चढलेली एक बाई कडेवरचं मूल सावरत सगळ्यांदेखत म्हणाली, “मास्तर, आमच्या मंडळीत पण तुमच्यासाठी उपास धरलाय हां.” डहाणूच्या किनाऱ्यावरच्या आगरची एक मासळीवाली, तिचा आमच्या प्रभूशी काही संबंध नाही, तीही पाटी सीटखाली सरकवत म्हणाली, “आमच्या देवीला एक नारळ बोल रे भावा, काय जातंय तुझं?” मी टिकटिक करत तिकिटं दिली, सुट्टे मागितले. माझे कान लाल झालेले सगळ्या गाडीला दिसत असणार.

मी रविवारची ड्युटी मागून घ्यायला लागलो. पाळक घरी आले. म्हणाले, काकींनी प्रेमापोटीच केलं, मनात धरू नका. मी म्हटलं, काकींना मी काही सांगितलंच नव्हतं, त्यांच्याबद्दल तक्रार कशी करू? मी ज्याला सांगितलं होतं त्याच्याबद्दल तक्रार आहे. त्याने मूल दिलं नाही, नसेल द्यायचं. निदान गुपित तरी राखायचं! पाळक म्हणाले, त्याची वेळ निराळी असते. गाडी चुकलेल्या माणसाला मीही असंच सांगतो.

तरी सकाळचं मागणं मी बंद केलं नाही. का, ते सांगता येत नाही. रागावून घर सोडलेला माणूस जेवायच्या वेळेला घराभोवती फिरतो, तसलंच काहीतरी.

पुढच्या वर्षी काकी माझ्या गाडीत दिसू लागल्या. वेवजीपर्यंतचं तिकीट काढायच्या, तिथून रिक्षाने हद्दीपलीकडे जायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा सुरतला कंपनीत आहे, हे सगळ्या मंडळीला माहीत होतं. मी विचारलं नाही. मला त्यांच्याशी बोलायचंच नव्हतं. एक दिवस गाडी रिकामी होती, तेव्हा त्याच माझ्या बाजूला येऊन बसल्या.

“पोऱ्या सुरतला नाय,” त्या पदर तोंडाशी धरून म्हणाल्या. “आत हाय. बाटल्या नेताना धरला त्याला. तारखेला जाते मी. जामीन काय व्हत नाय.”

मी हातातले सुट्टे मोजत राहिलो.

“तू प्रार्थना कर त्याच्यासाठी. पण कोणाला बोलू नको, बाबा. तुझ्या पोटात ऱ्हातंय, म्हणून तुलाच सांगितलं.”

ही बाई मला हे सांगत होती! त्या दिवशीच्या बैठकीबद्दल अवाक्षर नाही. माझ्या पोटात राहतं हे त्यांना दिसलं होतं, आणि ते कुणी बाहेर काढलं होतं हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं. मी “बरं” म्हटलं आणि पुढे जाऊन दाराशी उभा राहिलो.

त्या वर्षअखेरीस आमच्या भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हापासून आमच्याकडे कुणी भिंतीच्या आत फार वेळ बसत नव्हतं, आणि बैठकाही अंगणात ताडपत्रीखाली व्हायच्या. अशाच एका बैठकीला आईने मला ओढून नेलं. खूप दिवसांनी आलो म्हणून पाळक मुद्दाम म्हणाले, आज या भावाने प्रार्थना करावी.

सगळे गुडघ्यावर बसले, डोळे मिटले. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. ‘हे प्रभू, आमच्या काकींचा मुलगा पलीकडच्या तुरुंगात आहे, त्याला सोडव.’ यात खोटं काहीच नव्हतं. कुणी मला नावं ठेवली नसती, उलट पाठीवर हात फिरवला असता. मी डोळे उघडले. समोर काकींचे डोळे उघडे होते आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. तेव्हा त्यांना सगळं कळलं, हे नक्की.

मी एवढंच म्हणालो, “प्रभू, तुला ठाऊक आहे ते तुझ्याजवळच राहू दे. आमेन.” मंडळीतली ती सगळ्यांत छोटी प्रार्थना असेल. मनात मात्र, दात-ओठ खाऊन, एकदाच म्हटलं की सोड बाबा त्या पोराला, म्हणजे ही बाई माझ्या गाडीत यायची थांबेल.

मुलगा सुटला. फार दिवसही लागले नाहीत. त्या रविवारी ड्युटी नव्हती म्हणून मीही उपासनेला होतो. काकी साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूने काय केलं ते सगळ्यांना सांगायला, उभ्या राहिल्या. कंपनीचं काम संपलं नि पोऱ्या घरी आला, असंच त्यांनी सांगितलं. मुलगा मागे खांबाला टेकून उभा होता, वाळलेला, केस बारीक कापलेले. “कोणीतरी माझ्यासाठी गुपचूप मागितलं,” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आणि प्रभूने ऐकलं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बायको माझ्या कानाशी आली. “तुम्ही केली होती का हो काकींसाठी?”

“केली होती.”

“मग ऐकली की तुमची,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. लोक गायला लागले आणि तीही गायला लागली.

मला गाता येईना. इतकी वर्षं मी मनाची एकच समजूत घालत आलो होतो, की माझा आवाज तिथे पोचत नसेल. हळू बोलणारा माणूस मी, त्यात गाडीची खडखड. ज्याला ऐकू जात नाही त्याला आणखी हाका मारता येतात, त्याच्यावर किती रागावणार? त्या समजुतीवरच मी टिकलो होतो. आणि इथे दुसऱ्याच्या पोरासाठी, चिडून, अर्ध्या मनाने पुटपुटलेलं त्याने पहिल्याच हाकेला ऐकलं होतं. म्हणजे माझं रोज सकाळचंही त्याने ऐकलं असणार. पहिल्या दिवसापासून, शब्द न् शब्द. ऐकून गप्प बसला असणार. बायकोने, काकींनी, साऱ्या गावाने मिळून मला दिला नव्हता एवढा दगा मला त्या रविवारी जाणवला. पंचाईत अशी, की तिथे कुणी नाहीच, असं म्हणून उठून जायची सोयही त्याच दिवशी संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी डेपोतून निघाली, तिकिटं झाली, आणि मागच्या बाकावर बसून मी पुन्हा तेच मागितलं. हळू आवाजातच मागितलं. त्याला ऐकू येतं, हे आता मला माहीत होतं.