विदाईच्या सीनला हिरव्या रेघा

सावली गावात माझं कम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे आणि त्याच्या मागेच राईस मिल. त्यामुळे दुकानात दोन गोष्टी आपोआप साचतात, कोंडा आणि किस्से. कोंडा ब्लोअर मारला की उडतो. किस्से उडत नाहीत, कारण ते बहुतेक माझ्याच फजितीचे असतात आणि माझा मित्र गजूभाऊ ते गावभर सांगत फिरतो! त्यानं तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

*

गजूभाऊ आमच्या चौकातला फोटो स्टुडिओवाला. माझ्या साळीच्या, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या, लग्नाचं शूटिंग मीच त्याला मिळवून दिलं होतं. फिल्म तो स्टुडिओतल्या डेस्कटॉपवर जुळवत होता. विदाईचा सीन आला की स्क्रीनवर हिरव्या रेघा यायच्या आणि मग ठार अंधार! "भाऊ, नवरीचं तोंड पालकाच्या जुडीवानी दिसून राह्यलं," गजूभाऊ रडवेला झाला.

मी दारातूनच पाहिलं आणि सांगितलं, "मॉनिटर गेला." मॉनिटर बदलला, रेघा तशाच. केबल बदलली, विंडोज नवीन टाकलं, तरी रेघा जशाच्या तशा.

"ग्राफिक कार्ड तं नाई ना?" गजूभाऊनं भीत भीत विचारलं.

"तेच तर मी पहिल्यापासून म्हणतोय!" मी म्हणालो.

*

तिकडे अहेरीहून मामाजी, म्हणजे माझे सासरे, रोज फोन करायचे. धाकटी लेक सासरी गेल्यापासून घर खायला उठत होतं, तिची फिल्म त्यांना बघायची होती. शिवाय 'आमचे जवाई कम्प्युटर इंजिनिअर हायेत' असं ते आठवडी बाजारात सांगून बसलेले. मी चंद्रपूरला हार्डवेअरचा कोर्स केलाय, तोही अर्धा. म्हणजे फिल्म बुडाली तर माझी सासरची इज्जतही तिच्यासोबत बुडणार होती.

"मामाजी, प्रोसेसिंग चालू आहे," मी ठोकून दिलं.

दोन दिवसांनी माझी बायको वैशाली म्हणाली, "तुमी बाबाले काय सांगतलं? अख्खी अहेरी विचारून राह्यली, प्रोसेसिंग झालं का म्हणून!"

*

मशीन उचलून माझ्या दुकानात आणलं. कार्डाचे सोनेरी दात खोडरबरानं घासतात, एवढं मला ठाऊक होतं. मुलीच्या कंपासमधलं खोडरबर घेतलं, ते स्ट्रॉबेरीच्या वासाचं निघालं. घासून कार्ड बसवलं तर स्क्रीन पूर्ण काळी!

"गेलं बिचारं," मी जाहीर केलं. गजूभाऊ मयतीला आल्यासारखा डोक्याला हात लावून बसला.

वैशाली चहा घेऊन आली. "हे वायर काऊन लटकून राह्यलं?"

कार्डाला करंट देणारी वायर मी लावलीच नव्हती! लावल्याबरोबर पडदा उजळला. गजूभाऊनं कॅबिनेटजवळ नाक नेलं. "रेघाइचं काई सांगता येत नाई, पण वास झकास येते."

*

पुढचा दिवसभर मशीन दुकानात तपासलं. एक रेघ नाही! छाती फुगवून स्टुडिओत नेलं, तर विदाईला पुन्हा अंधार. परत दुकानात आणलं, पुन्हा ठणठणीत. मी स्टुडिओच्या वायरिंगला दोष दिला, मग जागेला दिला.

"दुकानात तू काय लावून पाहतं?" गजूभाऊनं विचारलं.

"पत्त्यांचा गेम. दिवसभर खेळलो."

"मंग त्याले मेहनत कुठी पडली बे?"

*

मग चंद्रपूरच्या ओळखीच्या दुकानातून ट्रायलला दुसरं कार्ड आणायला गेलो. माप विचारलं तर मी ऐटीत म्हणालो, "वीतभर." दुकानदार पहिलवान गडी, त्यानं आपल्या वितीनं मोजून दिलं! सावलीत आणून बसवायला गेलो तर कार्ड कॅबिनेटमध्ये मावेना.

"शेपूट बाह्यर ठेवून चालवू काय?" गजूभाऊनं विचारलं.

*

हरलो आणि जुनं कार्ड उलटं करून पाहिलं. खालच्या बाजूच्या पंख्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि अक्षता घट्ट अडकलेल्या! दसऱ्याला यंत्रांची पूजा असते. गेल्या वेळी गजूभाऊ कॅबिनेटला बाहेरून कुंकू लावत होता, तर 'वरवरची पूजा पावत नाही' असं म्हणून ते उघडून आत फुलं-अक्षता मीच वाहिल्या होत्या. पंखा फिरत नव्हता, काम वाढलं की कार्ड तापत होतं.

चिमट्यानं सगळं काढलं, पंखा भिरभिरला. गजूभाऊनं हात जोडले, "पुढच्या दसऱ्याले तू दुरूनच नमस्कार कर बापा!"

*

फिल्म बघायला मामाजी स्वतः एसटीनं आले. स्टुडिओत खुर्चीवर ऐसपैस बसले आणि गजूभाऊनं लगेच त्यांना हिरव्या रेघांचा सगळा किस्सा ऐकवून टाकला. हळद झाली, वरात झाली. कोण कसा नाचतोय ते दाखवून मामाजी खदखदून हसत होते. मी कॅबिनेटवर हात ठेवून उभा, तापलं तर नाही ना म्हणून.

विदाई आली. एकही रेघ नाही! साळी गाडीत बसता बसता मागे वळून गर्दीत बापाला शोधत होती. तिच्या गालावरचं पाणीसुद्धा स्पष्ट दिसत होतं. मला आनंद आवरेना.

"बघा मामाजी, कसं लख्ख दिसतंय!"

पडद्यावर गाडीचं दार लागलं, गाडी हलली. मामाजींनी खांद्यावरचा दुपट्टा डोळ्यांना लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"जवाईबापू, थ्या रेघा परत आणता येते काय? तेवढं तं तुमाले जमते."