तिची पात

आमच्या धाकटीचे, माझ्या लहान बहिणीचे, डोळे तिरपे, मान आखूड, जीभ जाड. ती बोलायची ते आम्हा घरच्यांनाच कळायचं. याला डाऊन सिंड्रोम म्हणतात हे मला फार पुढे, शाळेत शिकवायला लागल्यावर, एका डॉक्टरांनी सांगितलं. ढाणकीजवळच्या आमच्या खेड्यात तेव्हा एकच शब्द होता, येडी. तो ऐकला की माझं डोकं फिरायचं. अजूनही फिरतं.

१९५६ साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आमच्या वस्तीने देव्हारे रिकामे केले. त्याच दिवशी आईने धाकटीच्या गळ्यातले काळे गंडे विळीवर कापून टाकले. पाच-सहा तरी होते, प्रत्येक वेगळ्या बाबाने दिलेला. "लोकं म्हनत होते मागच्या जन्मीचं पाप हाये. आता मागचा जन्मच नाई, त पाप कुठचं? पोरगी हाये माही," आई म्हणाली.

दोन वर्षांनी आई गेली. बाप उमरखेडला जिनिंगवर कामाला, महिनोन् महिने तिकडेच. उरलो आम्ही दोघी. मी निंदणाला जायची, म्हणजे कपाशीतलं तण काढायला, आणि जाताना तिला घरात ठेवून बाहेरून कडी लावायची. संध्याकाळी कडी काढली की ती दाराला टेकून बसलेली असायची. ती कडी मीच लावत होते, हे लिहायला आजही जड जातं.

मी सातवी पास झाले होते. यवतमाळला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं मनात पक्कं होतं. पण मी गेल्यावर हिचं काय? दिवसभर कडीआड बसलेली बहीण मागे ठेवून मी काय डोंबलाचं शिकणार होते? मी ठरवलं, हिला निंदणाच्या टोळीत जागा मिळवून द्यायची. नाही मिळाली तर ट्रेनिंगचं नाव काढायचं नाही.

आमची टोळी बारा जणींची. पुढारी होती शेजारची मावशी. तिच्या तोंडी लागायची हिंमत गावात कोणाला नव्हती. निंदताना प्रत्येकीला एक पात मिळे, म्हणजे पिकाच्या दोन ओळी, आणि सगळ्या जणी एका रांगेत बसून पुढे सरकत. एखादी मागे पडली, तर शेजारच्या दोघी आपली पात सांभाळून तिच्या पातीतला हात-दोन हात तुकडा निंदून टाकत. त्याबद्दल कोणी बोलत नसे. बोलणं वाईट दिसे.

मी मावशीला म्हटलं, "धाकटीले पात द्या."

"तिले काय येते?"

"शिकवीन मी."

मावशीने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "बसव मधात. एका अंगाले तू, एका अंगाले मी."

मी घरामागे कपाशी लावली. उगवल्यावर तिचं रुंद पान धाकटीच्या तळहातावर ठेवायची आणि म्हणायची, हे ठेव, बाकी उपट. पहिले काही दिवस तिने उलटंच केलं. मी चिडायची, ती रुसायची, पुन्हा बसायचो. पण एकदा शिकलेलं ती विसरायची नाही. टोळीत गेल्यावर पहिल्या आठवड्यात तिने कपाशीचं एकही रोप कापलं नाही. मी गावभर मिरवत होते.

पुढच्या आठवड्यात फजिती झाली. आमच्याकडे कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ असते. त्या दिवशी ती ओळ धाकटीच्या पातीत आली. मी बोलण्याच्या नादात होते, मावशीही पुढे गेलेली. मालक बांधावर आला आणि ओरडला. बघते तर धाकटीने या टोकापासून त्या टोकापर्यंत तूर उपटलेली, आणि रोपांच्या नीट जुड्या करून मांडलेल्या. मी सांगितलं होतं तेच तिने केलं होतं. कपाशी ठेवली, बाकी उपटलं.

"उद्यापासून हे येडी माह्या वावरात दिसली नाई पायजे!"

धाकटी आधी हसली, तिला वाटलं शाबासकी आहे. मग मालकाचा चेहरा बघून तिने आपलं खुरपं माझ्या हातात दिलं.

"चूक तिची नाई, माही हाये," मी म्हटलं. "मी तिले एकच पान शिकवलं."

"चूक कोनाची बी असो, तूर त माही गेली!"

तेही खरंच होतं. मला रडू आलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

संध्याकाळी मावशी घरोघर फिरली आणि प्रत्येकीला मूठभर तूर भिजत घालायला लावली. सकाळी मालक यायच्या आत आम्ही सगळ्या वावरात होतो. मावशी खुरप्याने जमीन उकरायची, धाकटी दोन-दोन दाणे टाकायची, मी माती लोटायची. मालक आला तेव्हा ओळ भरून झाली होती.

मावशी हात झटकत उभी राहिली. "मालक, तूर लावली. आता आमाले मोजा. तेरा जनी हाओ. येतीन त तेरा येतीन, नाई त एक बी नाई."

तण वाढत होतं आणि गावातल्या बाकी टोळ्या दुसऱ्यांच्या वावरात गुंतलेल्या. मालकाने एकदा वावराकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. "मंग तुरीपाशी तरी नका बसवू तिले," तो पुटपुटला.

"बसवू," मावशी म्हणाली. "तूर बी शिकवू."

ती ओळ उशिरा उगवली आणि शेवटपर्यंत बुटकीच राहिली. धाकटी येता-जाता तिथे थांबायची. माही तूर, म्हणायची.

पुढच्या वर्षी मी यवतमाळला गेले. धाकटी मावशीकडे राहू लागली. पोळ्याच्या सुट्टीत ढाणकीला बसमधून उतरले ती थेट वावरात गेले. एक जण आजारी होती, तिची पात धाकटीच्या शेजारीच होती. मी पदर खोचला आणि बसले. पूर्वीसारखी धाकटीची थोडी पात उरकून द्यायची, असं मनात होतं. पण खडू धरून हात मऊ झालेले. जरा वेळातच तळहाताला फोड आला, कंबर मोडून आली, आणि सगळ्या जणी पुढे निघून गेल्या.

मान वर केली, तर माझ्या पातीतला पुढचा दोन हात तुकडा स्वच्छ निंदलेला. कपाशी जागेवर, तूरही जागेवर. धाकटी पाठमोरी, अजून निंदतच होती.

"अवं, हे माही पात हाये," मी म्हटलं.

"मागं पडली तू," ती म्हणाली आणि पुढे सरकली.