मावशी तसं म्हणाल्याच नव्हत्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही. पण तोंड उघडलंय, तर ऐका.

मी डोंबिवलीची. शाळेत मराठी शिकवायचे. नोकरी संपल्यावर घरीच शिकवण्या सुरू केल्या. त्यातच रेमी आली. मिझोरामची, पंचविशीची, नर्सिंग शिकलेली. कल्याणमधल्या एका छोट्या मिशनने तिला आंबिवलीच्या वस्तीत कामाला पाठवलं होतं. हिंदी मोडकीतोडकी, मराठीचा गंध नाही. मी तिला शिकवायचं, आणि तिला बोलता येईपर्यंत दुभाषी म्हणून वस्तीत सोबत जायचं, असं ठरलं.

तिला सगळंच नवं. दारातली रांगोळी ओलांडायची की वळसा घालायचा? कुणी कुंकवाचं बोट पुढे केलं तर? नको म्हटलं तर वाईट वाटेल का? रिक्षात सारखी विचारत राहायची. मला ती आवडायची. हे आधीच सांगते — पुढचं मी रागातून केलं, असं वाटायला नको.

वस्तीत सुमनमावशी होत्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या, एकट्या. मुलगी शहाडला दिलेली. साखरेमुळे पायाची जखम भरत नव्हती. रेमी ती धुवायची, पट्टी बांधायची, आणि मावशींना विचारून दोन मिनिटं डोळे मिटून प्रार्थना करायची. एकदा मावशी मला म्हणाल्या, "विचारा हिला बाई, हिच्या देवाला माझं नाव ठाऊक हाय काय?"

"मी रोज सांगते त्याला," रेमी म्हणाली.

हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं. मावशी चक्क लाजल्या.

त्याच सुमारास माझ्या मुलीचं लग्न जमत होतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठलं — "मिशनवाल्यांबरोबर फिरतेस म्हणे? मुलाकडच्यांच्या कानावर गेलं तर?" एवढंच. कुणी धमकावलं नाही, कुणी दारात आलं नाही. तरी मी घाबरले.

रेमीला सरळ सांगता आलं असतं ना, की मला यापुढे जमणार नाही? तिने दुसरं कुणी शोधलं असतं. पण तिच्यासमोर भित्री ठरायचं — तेही नको होतं. मला भ्यायचंही होतं आणि चांगलंही राहायचं होतं.

त्या दिवशी पट्टी झाल्यावर मावशी हसून म्हणाल्या, "हिला सांगा, पुढच्या येळेला जेवूनच जा. सुकट करते."

रेमीने माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत म्हणाले, "त्या म्हणतायत, यापुढे येऊ नका. वस्तीत कुणालाच आवडत नाही."

"पण त्या तर हसतायत."

"आमच्याकडे वाईट बोलतानाही हसतात."

इतकं पटकन कसं सुचलं मला? मग मावशींकडे वळून म्हणाले, "येईन म्हणते."

रेमीने त्यांना हात जोडले आणि बाहेर पडली. वाटेत एवढंच विचारलं, माझं काय चुकलं? मी म्हणाले, तुझं काही नाही, लोकच असे आहेत. थोड्याच दिवसांत ती बदली मागून निघून गेली. जाताना, खरं सांगितल्याबद्दल तिने माझे आभार मानले.

लग्न झालं. मुलाकडच्यांनी कधी काही विचारलंसुद्धा नाही.

पुढे मावशींचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. रेमी असती तर वाचला असता? ठाऊक नाही. पण त्या प्रश्नाआड मला लपायचं नाहीये. मी शहाडला त्यांच्या मुलीकडे भेटायला गेले. मावशी पलंगावर होत्या. म्हणाल्या, "ती पोरगी कशी आली नाय परत? येते म्हणाली होती ना?"

तेव्हा तरी? — नाही.

"त्या लोकांचं असंच असतं, मावशी. काम झालं की विसरतात."

मावशींनी पांघरूण गुडघ्यावर ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "असंल."

त्यांच्या मुलीने चहा आणला. मी तो संपवला आणि निघाले.

मावशी त्याच वर्षी गेल्या. रेमीचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही.