भिंतीकडे तोंड केलेली बाई

बदरुद्दीन मुरुडचा. दुबईच्या खाडीबाहेर मोठ्या बोटी थांबत, त्यांचा माल तो बार्जवर उतरवायचा. काम संपलं की आम्ही आडवे व्हायचो, हा मात्र खोलीत येरझाऱ्या घालायचा. लग्न होऊन महिना झाला नाही तोच इकडे आला होता. बायको झुबेदा, तिच्या बापाला फोटो चालत नसे, त्यामुळे तिचा एक फोटोही जवळ नाही. मुकादमांना आमचे हात हवे होते, बाकीचा माणूस मेला काय, जगला काय!

चौसष्ट साली बोटीवरच्या एका जपानी अधिकाऱ्याची टोपी समुद्रात पडली. बदरुद्दीनने उडी मारून ती काढून दिली. अधिकाऱ्याने त्याला एक चित्र दिलं. त्याचा भाऊ नवशिका चित्रकार, लाकूड कोरून कागदावर उठवलेला हा त्याचा सुरुवातीचा ठसा, असं त्याने खुणांनी सांगितलं. चित्रात पाठमोरी बाई, डोक्याला फडकं, दोरीवर मासे वाळत घालणारी.

"हुबेहूब झुबेदा!" बदरुद्दीन म्हणाला.

"पाठीवरून बायको ओळखतोस?" आमच्या खोलीतला लियाकत म्हणाला.

"तुझी तुला तोंडावरून तरी ओळखता येते का?"

खिळा होता तो नेमका किब्ल्याच्या, नमाजाला तोंड करतो त्या भिंतीला. चित्र तिथेच लागलं.

सगळ्यांत वडील अलीमियाँ चाचा भडकले. "इथं नमाज पढतो आपण. तसवीर खलास!"

"तोंड कुठंय हिला, चाचा?"

"बाई आहे ना? बस."

शेवटी चित्र उलटं लावायचं ठरलं. संध्याकाळी मगरीबच्या नमाजाला आम्ही रांगेत उभे राहिलो. कागद पातळ, शाई पार झिरपलेली. बाई मागूनही साफ दिसत होती, मासे तेवढे दुसऱ्या हाताला गेले होते. लियाकत खो खो हसत सुटला. त्याची नमाज तुटली.

सलाम फेरून नमाज संपताच चाचा ओरडले, "काढ ते! एवढी आठवण येते तर घरी जा!"

खोलीत हे कुणी कधी बोलत नव्हतं. बदरुद्दीनने चित्र उतरवलं. "जातो."

मुकादम म्हणाला, हंगाम अर्धा टाकलास तर परत घेणार नाही. मी त्याच्या अंगावर धावलो, पण बदरुद्दीननेच मला मागे ओढलं.

बदरुद्दीन मुंबईच्या बोटीवर चढत असताना चाचा खजूर घेऊन धक्क्यावर आले. "सूनबाईला दे. आणि घरात तरी ते चित्र नीट जागी लाव."

"घरी ती असेल, चाचा. हे तुम्हीच ठेवा."

चाचांनी गुंडाळी हातात घेतली. कुठे ठेवावी, ते काही त्यांना सुचेना.