साक्षीदारास काही सांगता आले नाही

जानेवारीतला तिसरा मंगळवार, सुनावणीचा. हजर: साहेब, कारकून भाऊसाहेब, वनहक्काचा दावा घेऊन डोंगरातून उतरलेली एक म्हातारी. आणि इतिवृत्त लिहायला मी.

कागद नसले तर म्हाताऱ्या माणसाचा तोंडी जबाब चालतो. तिच्याकडे तेवढाच पुरावा होता. ती पावरीत, पावरा आदिवासींच्या भाषेत, बोलू लागली.

"मराठीत सांग," साहेब म्हणाले.

तिला मराठी येत नव्हतं. ती सांगत राहिली. ओढ्यापासून मोहाच्या झाडापर्यंत, मोहापासून काळ्या दगडापर्यंत. कुठलं झाड कोणी राखलं.

"हाई डोकरी गानं म्हनी ऱ्हायनी का?" भाऊसाहेब म्हणाले. साहेबही हसले. "ताई, तुमले समजस का काही?"

"नाही," मी म्हणाले.

शब्द न् शब्द समजत होता. मी पावरा आहे. आश्रमशाळेत पाहुणे आले की गुरुजी मला उभं करायचे. "तुझ्या भाषेत बोल." मी बोलले की पाहुणे पोट धरून हसायचे. मी ती भाषा तोंडातून काढून टाकली. नोकरीत कोणाला कळूच दिलं नाही.

इतिवृत्तात लिहिलं: साक्षीदारास काही सांगता आले नाही. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं.

संध्याकाळी धडगावच्या जीप स्टँडवर ती दिसली. जवळ आली. पावरीत म्हणाली, "मोहाखाली माझी पोर पुरली म्हटलं, तेव्हा तुझं पेन थांबलं. कोणाची पोर तू?"

मी खाली बघितलं. जीप भरली. ती गेली.

सकाळी साहेबांसमोर उभी राहिले. "मला पावरी येते. माझ्या आईची भाषा आहे. कालची नोंद खोटी आहे."

"मग काल का बोलला नाहीत?"

"लाज वाटली."

"ऱ्हाऊ द्या ना ताई," भाऊसाहेब म्हणाले, "सही व्हई गई."

"माझ्या खोट्यावर झाली."

तसं लेखी दिलं. खाली सही केली, माहेरच्या पावरा आडनावाने. साहेबांनी कागद दोनदा वाचला. "पुढच्या सुनावणीआधी जबाब आणा."

उद्या पहिली जीप. कोरे कागद घेतले, शाईचा पॅड घेतला. जबाब आधी पावरीत लिहायचा, तिच्याच शब्दांत. मराठी त्याच्या खाली. तिला वाचून दाखवायचा, मगच अंगठा. यापुढे माझ्यासमोर कोणाच्या भाषेवर हसणं झालं, तर तेही नावानिशी इतिवृत्तात येईल.

कागद उघडण्याआधी मात्र तिला सांगायचं आहे, मी कोणाची पोर ते. पावरीत. ते अजून राहिलंय.