पाहणीची माणसं

माण गावात आमच्या खोल्यांच्या मागं एकच भातखाचर उरलंय, आणि आईचा जीव त्यात अडकलाय. पुढच्या सगळ्या खोल्या भाड्यानं दिलेल्या, घर त्यावर मजेत चालतं. पण सरकारचं शेतकऱ्याचं अनुदान खात्यात आलं की आई गल्लीभर सांगत सुटते, "सरकार मला शेतकरीन म्हनतंय, तुमी काय बी म्हना!" खोल्यांत राहणारी परमुलखातली पोरं मान डोलावतात. त्यांना कुठलं कळतंय!

अनुदानासाठी सातबाऱ्यावर पीक लागलेलं हवं. खाचरात उभं राहून फोनवर भाताचा फोटो काढायचा, याला पीक पाहणी म्हणतात. हे काम माझं. सासर जवळच, नेरे गावात, गाडीवर येते, फोटो काढते आणि आईच्या हातची भाकरी खाऊन जाते.

यंदा मी निघायच्या आतच तिचा फोन. "येऊ नगंस. पाहणीची माणसं येऊन गेली. लई चांगली हायेत, च्या पिली."

"कसली माणसं? फोटो आपणच काढतो ना?"

"अगं, मशीन हुतं त्यांच्याकडं, तीन पायांचं. भात मोजत हुती."

तीन पायांच्या यंत्रानं भात कोण मोजतं? जमीन मोजतात. शेजारची वाटणी काकांनी गेल्या साली बिल्डरला विकलीय, आणि दोन्हींच्या मधला बांध बिल्डरच्या जेसीबीनं कधीच सपाट केलाय.

"तू काय सांगितलंस त्यांना?"

"जुना दगड कुटं हाय म्हनले. दावला की, आपला द्येव. ह्योच धरायचा ना मावशी, म्हनले. म्या म्हनलं व्हय, ह्योच. सही बी घेतली."

मी कपाळावर हात मारला. तो दगड एके काळी बांधावरच होता, हद्दीचा. आवणी, म्हणजे भाताची लावणी, संपली की त्याला नारळ द्यायचा, ही आमच्याकडची रीत. पण काकांची वाटणी झाल्यावर चुलती तिथं पाऊल ठेवू देईना, म्हणून आजीनं देवच उचलला आणि खाचराच्या मधोमध आणून बसवला. घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक. आईलाही ठाऊक. पण तिला कुणी हद्द विचारलीच नव्हती ना! पाहणी म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढं भातच येतं.

मी तशीच गाडी काढली. मारुंजीच्या गर्दीत अडकले, टेम्पोवाल्याला उगाचच शिव्या घातल्या.

खाचरात पोहोचले तर देवाच्या अंगावरून पांढरी फक्की टाकलेली. सरळ रेघ, उभ्या भातातून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पलीकडं जेसीबी उभा होता, इंजिन चालूच. चालवणारा माणूस माझ्याकडं बघून दुसरीकडं बघायला लागला. मी ओरडले, "कुणी सांगितलं तुला इथं यायला?" तो हिंदीत म्हणाला, साहेब जेवायला गेलेत, आल्यावर सुरू करायचंय.

आई मात्र रेघेच्या पलीकडच्या भातात वाकून तण काढत होती. भात पोटऱ्यात आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. तेवढ्यात तिच्या कनवटीचा फोन वाजला. तिनं हात पदराला पुसून मेसेज माझ्यापुढं धरला.

"वाच. आलं न्हवं अनुदान? बघ, पाहणी पावली!"

अनुदानच होतं, गेल्या साली मी काढलेल्या फोटोचं. मला रडूही येईना. मी म्हटलं, "आई, ती भाताची पाहणी नव्हती गं. जमिनीची होती. आता ही रेघ आपली हद्द. मी हरकत घेते, तू काळजी करू नकोस, पण सही तुझी आहे."

तिनं रेघेकडं बघितलं. हातातलं तण तिनं खाली टाकलं नाही.

"मंग हितल्या भाताचा फोटू," ती म्हणाली, "कुनी काढायचा?"

पलीकडं साहेबांची गाडी येऊन थांबली.